रुळांमधले अंतर आधी मोजा, मग ठरवा : रेल्वे मंडळ आणि नाशिक महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, रेल्वे मंडळ, नवी दिल्ली
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, नाशिक

विषय : नाशिक–त्र्यंबकेश्वर रेल्वेमार्गाच्या विचारात अरुंद मापाच्या रुळांचा पर्यायही तपासण्याबाबत.

महोदय,

नाशिक–त्र्यंबकेश्वर रेल्वेची मागणी आमच्या शहराला नवी नाही. सिंहस्थ जवळ आला की तिला धार येते आणि पर्वण्या आटोपल्या की ती पुन्हा बासनात गुंडाळली जाते. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, पूल, घाट आणि वाहनतळ यांविषयी भरपूर बोलले जात आहे. रेल्वेचा विषय निघाला की मात्र रूळ १६७६ मिलिमीटरचेच, म्हणजे ब्रॉडगेजचेच असणार, असे सगळेच गृहीत धरतात. मग भूसंपादन, पूल आणि खोदकाम यांचा अंदाज डोळ्यांसमोर येतो आणि चर्चा तिथेच थांबते. हे गृहीतक तपासून पाहावे आणि ७६२ मिलिमीटरच्या (अडीच फुटी नॅरोगेज) किंवा १००० मिलिमीटरच्या (मीटरगेज) रुळांचाही रीतसर हिशेब मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ब्रॉडगेजला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. लॉर्ड डलहौसी यांच्या काळात साडेपाच फुटांचे माप ठरले, १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी मीटरगेज स्वीकारले, आणि त्यांच्या जोडीला संस्थाने व खासगी कंपन्या यांनी अडीच फूट आणि दोन फूट मापाचे फाटे टाकले. स्वातंत्र्याच्या वेळी देशाच्या हाती आलेल्या रेल्वेत अशी चार मापे होती. त्याचा जाच काय असतो हे नाशिक जिल्ह्याला कोणी सांगायला नको, कारण मनमाड आमच्याच जिल्ह्यात आहे. मुंबईकडून आलेली ब्रॉडगेज आणि हैदराबाद संस्थानातून आलेली गोदावरी खोऱ्याची मीटरगेज तिथे समोरासमोर येत. मराठवाड्यातून आलेला माल एका वाघिणीतून उतरवून शेजारच्या वाघिणीत भरावा लागे. प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एकदा जास्त फिरे. त्यात वेळ जाई, धान्य सांडे, पावसात भिजे, आणि जालना–परभणीच्या शेतकऱ्याला त्याचा भुर्दंड पडे. १९९२ साली एकच माप करण्याचे धोरण आले आणि त्याच दशकात मनमाडची मीटरगेज ब्रॉडगेज झाली, हे योग्यच झाले. ज्या मार्गावरून माल आणि माणसे पुढे दूरवर जायची आहेत, त्या मार्गाचे माप पुढच्या मार्गाशी जुळलेच पाहिजे.

पण हा नियम ज्या कारणासाठी आहे, ते कारणच जिथे नाही तिथेही आपण तो लावत आलो आहोत. त्र्यंबकेश्वरला गाडीचा शेवटच होणार आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी रूळ संपतील आणि तिथे प्रत्येक प्रवाशाला उतरायचेच आहे. नाशिकच्या टोकालाही बहुतेकांना गाडी बदलावी लागेल, मग माप कोणतेही असो. मालवाहतूक नाममात्र असेल. अशा मार्गावर माप जुळवण्याचा फायदा थोडा आणि त्यासाठी मोजायची किंमत मात्र पूर्ण. त्या किमतीचा हिशेब आजवर आमच्यासमोर कोणी ठेवलेला नाही.

ही किंमत कुठून येते, ते सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, आणि दोन्ही चाके एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असल्यामुळे हा फरक शेवटी चाकाच्या आणि रुळाच्या घासण्यातून भरून निघतो. रूळ जितके जवळ, तितका हा फरक कमी आणि तितके वळण तीव्र घेता येते. आपल्याच रेल्वेच्या नियमांप्रमाणे ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. मीटरगेजवर १६ अंश चालतात आणि ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर ४० अंश, म्हणजे जेमतेम ४४ मीटरची त्रिज्या. १७५ मीटर आणि ४४ मीटर यांतला फरक नकाशावर किरकोळ दिसतो, पण जमिनीवर तो एखादी द्राक्षबाग वाचवतो, वस्तीला वळसा घालू देतो आणि टेकडी फोडण्याऐवजी तिच्या कडेने जाऊ देतो. सातपूर सोडल्यावर बेळगाव ढगा, महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी असा जो पट्टा लागतो, तिथे आज जमिनीचा प्रत्येक गुंठा मोलाचा आहे आणि अंजनेरीचा डोंगर तर गिधाडांच्या अधिवासासाठी ओळखला जातो. तिथे रूळ किती जागा खातात हा प्रश्न दुय्यम कसा मानायचा?

यावर नेहमीचे उत्तर येते की नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली गाडी; ती सावकाश चालते आणि तिला भार झेपत नाही. हा समज महाराष्ट्रातच एकदा खोटा ठरला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला होता. अडीच फुटी मापावर त्याचा ठाम विश्वास होता. त्याने मापाऐवजी भाराचा विचार केला : इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि सगळ्या अ‍ॅक्सलवर तो सारखा वाटायचा. त्यामुळे दर यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला, आणि त्याच रुळावर भरपूर माल वाहणाऱ्या लांब वाघिणीही चालल्या. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरचा हा मार्ग बार्शी लाइट म्हणून ओळखला जाई. लातूर–बार्शीच्या बाजारपेठा तिने वाढवल्या, आणि आषाढी–कार्तिकीला वारकऱ्यांची जी गर्दी तिने पंढरपूरला पोहोचवली, तिला खेळण्यातली गाडी म्हणणे त्या वारकऱ्यांचाही अपमान आहे. पुढे तिचेही ब्रॉडगेज झाले. मिरज–लातूर हा आरपार जाणारा मार्ग असल्यामुळे मला त्यातही काही वावगे वाटत नाही. पण शंभर वर्षे ती चालली, हे विसरून आज कोणी अरुंद रुळांना कमकुवत म्हणू नये.

बाहेरच्या देशांत तर ही शंका केव्हाच मिटली आहे. दक्षिण आफ्रिकेत सिशेनच्या खाणींपासून साल्डान्या बंदरापर्यंत ८६१ किलोमीटरच्या मार्गावर लोहखनिजाच्या गाड्या धावतात. एकेका गाडीला साडेतीनशेच्या आसपास वाघिणी असतात, गाडीची लांबी सुमारे ४ किलोमीटर भरते, आणि हे सगळे १०६७ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम अडीच इंच रुंद रुळांवर. त्याच मापावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९९९ साली वळणावर आत झुकणाऱ्या एका गाडीने ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला. जपानने शिंकानसेनसाठी १४३५ मिलिमीटरचे रूळ टाकले, पण देशातले बहुतेक जुने जाळे आजही १०६७ चेच आहे आणि त्यावर ताशी १३० किलोमीटरने जलद गाड्या पळतात. वेग आणि भार हे खडी, रूळ, स्लीपर, वळणे आणि देखभाल यांवर जितके अवलंबून असतात, तितके मापावर नसतात.

या सगळ्यांत नाशिकसाठी मला सर्वांत जवळचे वाटते ते जपानमधले योक्काइची. मिए प्रांतातले हे सुमारे ३ लाख वस्तीचे औद्योगिक शहर आहे. तिथे ७६२ मिलिमीटर मापाचे दोन छोटे मार्ग आहेत, मिळून ७ किलोमीटरचे, आणि तिथली नॅरोगेज १९१२ पासून धावते आहे. ज्या खासगी कंपनीकडे ते होते, तिला तोटा होऊ लागला आणि रूळ काढून बस चालवावी असा विचार पुढे आला. शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे याच गाडीवर अवलंबून आहेत हे पाहून शहराने २०१५ साली रूळ आणि डबे स्वतःकडे घेतले आणि गाडी चालवण्यासाठी वेगळी कंपनी उभी केली. आता तिथे त्याच अरुंद रुळांवर विजेवर धावणारे वातानुकूलित डबे आहेत. विद्यार्थी दप्तरे मांडीवर घेऊन बसतात, आणि डबा अगदी अरुंद आहे. पण गाडी रोज, वेळेवर येते.

महानगरपालिकेच्या आयुक्तांचे लक्ष मी मुद्दाम इकडे वेधतो, कारण योक्काइचीचे हे माप नाशिकचेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिकरोड स्थानकापासून मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत अडीच फुटी रुळांवर ट्राम सुरू झाली. तिच्या उभारणीतही कॅलथ्रॉपचा सहभाग होता. सुरुवातीला तिचे डबे घोडे ओढत. १९३० नंतरच्या काही वर्षांतच ती तोट्यात जाऊन बंद पडली. योक्काइचीची गाडी टिकली आणि आपली ट्राम गेली, यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही; ते दिवस दुष्काळाचे आणि साथींचे होते. पण नाशिकरोड ते मेनरोड या रस्त्यावरून आज जी वाहने सरकतात, ती पाहिल्यावर तोच मार्ग आपल्याकडे राहिला असता तर, हा विचार कोणत्याही नाशिककराच्या मनात येईल. त्या मार्गाची आज शहरात एकही खूण दिसत नाही. जिथून ती सुटे आणि जिथे ती थांबे, त्या दोन जागी निदान एकेक फलक लावावा, अशी आपल्याला स्वतंत्र विनंती आहे.

तीर्थक्षेत्राला जाणारी नॅरोगेज कशी असू शकते, हे ऑस्ट्रियात पाहायला मिळते. मारियाझेल हे त्या देशातले सर्वांत मोठे तीर्थस्थान आहे. सांक्ट प्योल्टेन या शहरापासून तिथपर्यंत डोंगरांतून ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे, आणि त्याचे माप आहे ७६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या अडीच फुटांपेक्षा २ मिलिमीटरच कमी. १९११ सालीच त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले, जेव्हा आपल्याकडे विजेवर धावणारी पहिली रेल्वेगाडी यायला अजून १४ वर्षे बाकी होती. त्या काळी बसवलेली २५ हर्ट्झची वीजव्यवस्था तिथे आजही वापरात आहे. २०१० साली केंद्रीय रेल्वेने हा मार्ग प्रांताच्या स्वाधीन केला. प्रांताने तो बंद केला नाही. नव्या विजेच्या गाड्या मागवल्या आणि २०१३ पासून त्या धावू लागल्या. इथे मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. केंद्रीय रेल्वेला जो मार्ग जड झाला, तो प्रांताने आपला मानला. आणि नूतनीकरण करताना माप बदलण्याची गरज कोणालाही भासली नाही, कारण मारियाझेलच्या पुढे गाडी कुठे जाणारच नव्हती.

स्वित्झर्लंडच्या ऱ्हेशियन रेल्वेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. सुमारे ३८५ किलोमीटरचे ते जाळे मुख्यतः मीटरगेज आहे, आणि कूर शहरात तर आरोसाकडे जाणारी तिची गाडी रस्त्यावरून, मोटारींच्या सोबतीने जाते. तिच्या बर्निना मार्गावर दात्यांचा रूळ न वापरता १४ ला १ असा चढ चढला जातो. आमच्या थळ घाटात ३७ ला १ चढ आहे आणि तिथे कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. हा फरक केवळ मापाचा आहे असे मी म्हणणार नाही. बर्निनाच्या गाड्या हलक्या असतात. पण हलकी गाडी, हलका रूळ आणि लहान पूल हा एकत्र घेण्याचा निर्णय आहे, आणि अरुंद माप त्या निर्णयाला साथ देते. त्याच मार्गाला २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी आपल्या ७६२ मिलिमीटरच्या कालका–शिमला मार्गालाही मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये ती गाडी रोजच्या प्रवाशांचीही राहिली. आपण मात्र नॅरोगेज म्हटले की पर्यटकांपलीकडे पाहत नाही.

आता अडचणींबद्दल. पर्वणीच्या दिवशी जो लोंढा त्र्यंबकेश्वरला लोटतो, तो नॅरोगेज वाहून नेऊ शकणार नाही. पण एकेरी ब्रॉडगेजलाही तो झेपणार नाही, आणि बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवसांसाठी मार्गाचे माप ठरवणे मला योग्य वाटत नाही. माप ठरवायचे ते सातपूरच्या कामगारासाठी, त्र्यंबकहून शिकायला नाशिकला येणाऱ्या मुलीसाठी, श्रावणातल्या सोमवारांसाठी आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्यांसाठी. दुसरी अडचण जास्त खरी आहे : वेगळ्या मापाचे डबे, इंजिने, सुटे भाग आणि कारशेड हे सगळे वेगळे उभे करावे लागेल आणि थोड्या संख्येत घेतलेली वस्तू महाग पडते. म्हणूनच मी निर्णयाची मागणी न करता हिशेबाची मागणी करतो. जमीन, पूल आणि खोदकाम यांतली बचत या जास्तीच्या खर्चापेक्षा मोठी ठरते की नाही, हे कागदावर येऊ द्या. ती ठरत नसेल, तर तेही आम्हाला कळू द्या.

ज्ञानाची वानवा असण्याचे कारण नाही. नेरळ–माथेरानचा दोन फुटी मार्ग १९०७ पासून चालत आला आहे आणि तो मध्य रेल्वेच्याच ताब्यात आहे. २०१९ च्या पावसात तो वाहून गेल्यावर मध्य रेल्वेच्या अभियंत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी पुन्हा माथेरान चढली. दुसरीकडे रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी संस्था खुद्द आमच्या नाशिकरोडला आहे. ७६२ मिलिमीटरच्या मार्गाचे विद्युतीकरण कसे असावे, हा अभ्यास तिथल्या प्रशिक्षणार्थींना द्यावा. त्यांना क्षेत्रभेटीसाठी लांब जावे लागणार नाही.

या संदर्भात बिलिमोरा–वघई मार्गाचाही उल्लेख केला पाहिजे. तो पश्चिम रेल्वेचा, गुजरातचा मार्ग असला तरी सुरगाण्याच्या माणसाला तो परका नाही, आणि तो ज्यांच्या काळात झाला ते सयाजीराव गायकवाड मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. ७६२ मिलिमीटरच्या या ६३ किलोमीटरला गाडी सुमारे ३ तास घेते. डांगच्या जंगलात एखाद्या फाटकाजवळ ती थांबते, एक कर्मचारी डब्यातून उतरून फाटक लावतो, गाडी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन पुन्हा थांबते, तो फाटक उघडतो आणि धावत येऊन शेवटच्या डब्यात चढतो. तोपर्यंत दारात बसलेल्या बायका टोपल्या आत ओढून घेतात, कारण पुढच्या स्थानकावर त्यांच्यासारख्याच आणखी चढणार असतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर ही गाडी कायमची जाणार अशी भीती निर्माण झाली होती. लोकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती परत धावू लागली. तिचा तोटा तिकिटांच्या पैशांत मोजू नये. वघईच्या पुढे रूळ नाहीत आणि त्या टोपल्यांना दुसरी स्वस्त वाट नाही, हेही त्याच हिशेबात धरावे.

खानदेशात मात्र उशीर झाला. पाचोरा–जामनेरची पीजे २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. ५६ किलोमीटरचा हा मार्ग ब्रॉडगेज होऊन पुढे बोदवडला जोडला जाणार आहे. तो आरपार मार्ग होणार असल्यामुळे माझ्याच तर्काने हा निर्णय बरोबर आहे आणि त्याला माझी हरकत नाही. फक्त तिथले डबे, सिग्नलचे खांब, सांधे आणि स्थानकांच्या पाट्या भंगारात काढण्याआधी काही वस्तू जतन कराव्यात. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे, पण जामनेरच्या मुलाला नागपूर जवळ नाही. पीजेचा एक डबा आणि शंभरेक मीटर रूळ पाचोऱ्याला, आणि जमल्यास तेवढेच नाशिकरोडला ठेवले, तर जळगाव–नाशिकच्या मुलांना अडीच फुटांचे अंतर स्वतःच्या पावलांनी मोजता येईल.

आता माझी नेमकी विनंती. नाशिक–त्र्यंबकेश्वर मार्गाची यापुढे जी काही व्यवहार्यता तपासणी होईल, तिच्या कार्यकक्षेतच १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तिन्ही मापांचा तुलनात्मक हिशेब बंधनकारक करावा. त्यात प्रत्येक मापाला लागणारी जमीन गावनिहाय दाखवावी, पुलांचा व खोदकामाचा खर्च वेगळा मांडावा, विजेवर चालणाऱ्या हलक्या गाड्यांचा पर्याय धरावा आणि पर्वणीचे दिवस वगळून वर्षभराची प्रवासीसंख्या मोजावी. रस्त्याच्या कडेने, ट्रामसारखा मार्ग नेता येईल का, हे महानगरपालिकेने आपल्या हद्दीपुरते रेल्वेसोबत बसून पाहावे. मार्ग बांधला तर तो कोणाच्या मालकीचा असेल, रेल्वेच्या, राज्याच्या की महानगरपालिकेच्या, यावरही अहवालात मत असावे, कारण योक्काइची आणि मारियाझेल या दोन्ही ठिकाणी गाडी वाचली ती मालकीचा प्रश्न सुटल्यावरच. आणि हा अहवाल मराठीत, त्र्यंबक रस्त्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचायला ठेवावा, म्हणजे ज्यांची जमीन त्यात मोजली जाईल त्यांना हरकत किंवा संमती देण्याआधी आकडे पाहता येतील.

आपला विश्वासू,
नाशिकरोडचा एक रहिवासी